झोपून राहिलेला पंखा

मी दारात पोचले तेव्हा रघुनाथचे ओठ जांभळे पडले होते आणि त्याच्यासमोरचा लॅपटॉप बंद होता.

चपला काढताना मला घरघर ऐकू आली होती. वाटलं, लॅपटॉपचा पंखाच वाजतोय, म्हणजे मशीन चालू तरी आहे. आत पाऊल टाकलं तर घरघर माणसाच्या घशातली. त्याचे डोळे माझ्याकडे वळले. बाकी काही हललं नाही, कारण त्याचं बाकी फारसं काही हलतच नाही. हातातली पिशवी टाकली, त्याला ओढून कुशीवर केलं, तोंड खालच्या बाजूला वळवलं आणि मागच्या दाराकडे बघून मंगलला हाक मारली. मंगल त्याची बायको. ती परसात पाणी भरत होती आणि पंपाच्या आवाजात पहिली हाक तिला गेली नाही. दुसरी गेली. ओल्या हातांनी धावत आली, कॉटखालचं कफ ओढायचं मशीन बाहेर घेतलं, बटण दाबलं आणि नळी त्याच्या तोंडात घातली. मी डोकं धरून होते. नळीतून चिकट पांढरं वर आलं. मग त्याची छाती एकदा मोठी वर गेली, खाली आली, परत वर गेली. ओठांचा रंग परत यायला वेळ लागला.

"भोंगा का नाय वाजवलात?" मंगल त्याच्यावर ओरडली. मग तिचं लक्ष काळ्या पडद्याकडे गेलं आणि ती खालीच बसली. "काकी गो, परत बंद पडला ह्यो."

मी लॅपटॉपच्या पोटाला हात लावला. हात ठेववेना.

रघुनाथ टेम्पो चालवायचा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, तिकडची भाजी घेऊन खाली महाड. घाटातली वळणं त्याच्या हाताला पाठ होती. मग हातातली पकड गेली, मग पायातली ताकद, मग जीभ जड झाली. नसांचा आजार. डॉक्टरांनी सांगितलं, याला औषध नाही. डोकं मात्र शाबूत. सगळं कळतं, ऐकू येतं, हसूही येतं. मानेखाली हलायचा तो फक्त डाव्या हाताचा अंगठा.

मुंबईच्या इस्पितळातल्या एका बाईंनी त्याला हा जुना लॅपटॉप दिला. पडद्यावर मराठी अक्षरांच्या ओळी. एकेक ओळ आपोआप उजळत जाते. हवी ती ओळ आली की अंगठ्याखालचं बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळतं, परत दाबायचं. असं करत शब्द होतो आणि मशीन तो बोलतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण शब्द त्याचे. आणि बटण दाबून धरलं की भोंगा. भोंगा त्याच्याच टेम्पोचा, टेम्पो विकायच्या आधी पुतण्याने मोबाइलवर घेऊन ठेवलेला. घशात काही अडकलं की रघुनाथ भोंगा वाजवायचा आणि मंगल असेल तिथून पळत यायची. परसात, गोठ्यात, शेजारणीच्या ओट्यावर, कुठेही. त्या भोंग्याच्या जिवावर ती घराबाहेर पडायची आणि तो घरात एकटा राहायचा. लॅपटॉप बंद म्हणजे भोंगा बंद. एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

आता मी यात कुठून आले ते सांगते. मी चौथी शिकले. माझ्या नवऱ्याचं पोलादपुरात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप. जळलेली कॉइल काढायची, तार मोजून परत गुंडाळायची, वार्निश लावून वाळवायची. मी आधी नुसती तार धरायला बसायचे, मग गुंडाळायला लागले. नवरा गेल्यावर दुकान बंद करायचं असं सगळ्यांनी ठरवलं, मला कुणी विचारलं नाही म्हणून मी ते चालू ठेवलं. पुढे स्वाती सून म्हणून आली. तिने महाडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तिने दुकानात एका बाजूला टेबल टाकलं. तिच्याकडे मशीनच्या आतलं डोकं, माझ्याकडे अंग. स्क्रू, बिजागऱ्या, बेअरिंग, पंखा, धूळ.

लॅपटॉप का तापतो, हे लोक मला अजून विचारतात. त्यात काही नाही. आत एक चिप असते, काम करताना ती तापते. तिच्यावर तांब्याची नळी बसवलेली असते, ती ही उष्णता बाजूच्या जाळीपर्यंत नेते, आणि जाळीमागे लहान पंखा असतो तो ती बाहेर फेकतो. जाळी तुंबली, पंखा अडला किंवा चिप आणि नळी यांच्यामधली पेस्ट वाळली की उष्णता आतच राहते. मग चिप जळू नये म्हणून मशीन स्वतःला बंद करतं. ते शहाणपणाने बंद होतं. आपण मात्र त्याला शिव्या देतो.

जाळी उघडली की मशीन कुणाकडचं ते मला न सांगता कळतं. बिरवाडीच्या कारखान्यांजवळच्या भाड्याच्या खोल्यांतलं असेल तर बारीक कोरडी पूड. हायवेवरच्या हॉटेलच्या गल्ल्यावरचं असेल तर धूळ तेलकट, बोटाला वड्याचा वास येतो. शिवथरच्या ओलसर दरीतून आलेल्यात हिरवट बुरशी. वाडीवरच्या घरातलं असेल तर चुलीची काजळी. महाडच्या एका चाचांचा लॅपटॉप आला तो पाणी गळत. कुवेतहून परत आलेले गृहस्थ. म्हणाले, "भाभी, तिकडं कधी गरम नाय झाला. इकडं तापायला लागला म्हणून रोज जरा फ्रीजमध्ये ठेवत होतो." त्याला मासळीचा वास येत होता. मी म्हटलं, "चाचा, फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला घाम येतो, तसाच ह्याला आतून आला." त्यांना पटलं. मशीन नाही वाचलं. पण पुढे त्यांनी घरातली सगळी दुरुस्ती माझ्याकडे आणली, अगदी शिवणयंत्रसुद्धा.

रघुनाथचा लॅपटॉप त्या दिवसाआधी दोनदा दुकानात येऊन गेला होता. पहिल्यांदा मंगल स्वतः घेऊन आली, शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून. म्हणाली, पंख्यात टकटक वाजतं आणि मधेच बंद पडतो. उघडला तर पंख्याच्या पात्यात तांदळाचा दाणा, हळद लागलेला. जाळीवर कुंकू.

"ह्याची पूजा केलीस?" मी विचारलं.

"खंडेनवमीला. हत्यारांची करतात ना. आधी टेम्पोची करायचो." ती खाली बघत म्हणाली. "आता ह्योच त्यांचा टेम्पो."

"अक्षता टेम्पोला चालतात, ह्याला नाही. फूल वाहा. तेही लांबून."

दाणा काढला, जाळी साफ केली, नवी पेस्ट लावली. पंखा मोकळा फिरायला लागला. मी तिला सांगितलं, आता काही होणार नाही. महिनाभरात परत आला. टकटक नव्हती, पण बंद पडणं तसंच. या वेळी स्वातीने बघितलं. त्या मशीनमध्ये नेहमीची सिस्टीम नव्हती, लिनक्स होती. ही फुकट मिळते, जगभरातल्या लोकांनी मिळून केलेली, आणि जुन्या मशीनवरही पळते, म्हणून इस्पितळातल्या बाईंनी ती घातलेली. त्यात एक अडचण असते. पंखा कधी लावायचा, किती जोरात फिरवायचा, हे बनवणारी कंपनी नेहमीच्या सिस्टीमला सांगते. लिनक्सला कुणी सांगत नाही, तिला ते चाचपडत शोधावं लागतं. कुठल्या मशीनवर जमतं, कुठल्यावर अर्धवट. या मशीनवर पंखा फार उशिरा सुटत होता. स्वातीने एक वेगळा प्रोग्राम घातला, त्यात तक्ता लिहिला. एवढं तापलं की पंखा हळू, एवढं तापलं की जोरात. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतील असं करून ठेवलं. वरचा उष्णतेचा, खालचा पंख्याच्या फेऱ्यांचा. दिवसभर दुकानात चालवला, वर बोलायचं काम दिलं, काही झालं नाही. मंगलला परत सांगितलं, आता काही होणार नाही.

तिसऱ्यांदा तिचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, आणू नकोस, मीच येते. मशीन दुकानात शहाण्यासारखं वागतं आणि घरी गेलं की बिघडतं, तेव्हा घर बघायला लागतं. पंपांचं मी तेच करायचे. म्हणून त्या दिवशी मी तिथे गेले होते.

रघुनाथ जरा सावरला तसा मी लॅपटॉप खिडकीत थंड करून चालू केला. पंखा लगेच लागला. खालचा आकडा वर गेला, वरचा खाली आला. सगळं ठीक. मला रागच आला. मंगलला म्हटलं, "तू तुझी कामं कर. मी हितंच बसते. आज भोंगा मी."

ती गेली नाही. दारातच तांदूळ निवडत बसली.

अक्षरांची ओळ फिरायला लागली. रघुनाथचा अंगठा हलला. बराच वेळ गेला. मशीन म्हणालं, "काकी घाबरल्या."

"मी कशाला घाबरू," मी म्हटलं. "मेला असतास तर मंगलने मला सोडलं नसतं एवढंच."

त्याच्या डोळ्यांत हसू आलं. अंगठा परत चालू. या वेळी फारच वेळ लागला. मला मधे शब्द पुरे करायची घाई होते, पण मंगलने मला खूण केली, बोलू नका. मशीन म्हणालं, "लाइट येते. पंखा येत नाय."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "पंखा तर फिरतोय."

परत अंगठा. "आता फिरतोय. लाइट जाऊ दे."

मी समजले व्होल्टेजचं काही असेल. प्लग बघितला, टेस्टर लावला, वायर हलवून बघितली. त्यात काही नव्हतं. आमच्याकडे लाइट जायची वाट फार बघावी लागत नाही. दुपारी गेली.

आणि मंगलने काय केलं, तर तांदळाचं ताट बाजूला ठेवलं, उठली, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि कॉटवर त्याच्या पायाशी जाऊन बसली. त्याचं पाऊल मांडीवर घेतलं.

"झाकण कशाला लावलंस?"

"बॅटरी जुनी हाय ना, जरा वेळात संपते. झाकान लावलं की टिकते. आता मी हाय ना हितं, भोंगा कशाला."

झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, हे मलाही ठाऊक होतं. मी भिंतीला टेकून बसले. मंगल बोलत होती. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटली, वरच्या वाडीतला कोण मुंबईहून आला तो कसा बोलायला लागलाय. बोलता बोलता पावलाची बोटं एकेक मोकळी करत होती. तो डोळ्यांनी उत्तर देत होता. एकदा तो डोळे मिटून राहिला तर ती म्हणाली, "बरं बरं, नाय सांगत तिचं." त्यांना माझी आठवण राहिलेली दिसली नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्याच्या घरात कधी कुठे बघावं हे मला दुरुस्तीच्या धंद्याने शिकवलं आहे.

लाइट आली. मंगल उठली, झाकण उघडलं, पडदा उजळला, बटण त्याच्या अंगठ्याखाली ठेवलं आणि पंप चालू करायला परसात गेली. लाइट असेपर्यंत पाणी भरून घ्यायचं असतं. मी कोपऱ्यातले आकडे बघितले. वरचा चढत होता. खालचा शून्य. मी कान लावला. पंखा गप्प. रघुनाथ माझ्याकडे बघत होता. आता कळलं का, असं.

मला कळलं. गाडीत बसून इंजिन ऐकणारा माणूस तो. दिवसभर त्या मशीनच्या शेजारी पडून तो तेच करत होता.

फोनची रेंज फक्त मागच्या पायरीवर येते. तिथे उभी राहून स्वातीला सांगितलं, "झोपवून उठवला की लॅपटॉप उठतो, पंखा उठत नाही."

ती म्हणाली, "आई, आपण दुकानात तो झोपवलाच नाय कधी. बंद करायचो आणि चालू करायचो. बंद करून चालू केला की माझा प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. झोपेतून उठल्यावर त्याला वाटत असणार की पंखा अजून त्याच्याच हातात आहे, आणि पंखा ऐकत नसणार."

"तुझ्या प्रोग्रामला काय वाटतं ते मला नको सांगू. वर ये."

स्कूटीवरून ती तासाभरात आली. आल्या आल्या तिने सोपा मार्ग सांगितला. "वहिनी, झाकणच नका लावू. लाइट गेली तरी उघडा राहू दे. बॅटरी नवीन टाकू मोठी."

मंगल पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "उघडा ऱ्हायला की त्यांचं लक्ष त्या वळींवर ऱ्हातं गो. उजळतात ना सारख्या. मग माझ्याकडं बघतच नाय."

"पडदा बंद करून देते."

"आवाज येतो पंख्याचा. तो आवाज आला की ते गाडीत जातात." तिला नीट सांगता येत नव्हतं. "लाइट गेली की आमचं जरा... दिवसभर मी कामात नायतर त्या भोंग्याच्या धाकात."

रघुनाथचा अंगठा कधीपासून चालू होता ते आमच्या लक्षात आलं नाही. मशीन म्हणालं, "झाकण लावू दे तिला."

आम्ही थांबलो. अजून काही येत होतं.

"ती बोलते. मी गप. लग्नापासून असंच."

मंगल हसली आणि आत निघून गेली, चहा ठेवते म्हणत.

स्वातीने मला विचारलं नाही, मी तिला सांगितलं नाही. ती कॉटशेजारी जमिनीवर बसली. झोपेतून उठताना मशीन स्वतःसाठी काही कामं करतं, त्यात आपलं एक काम चिकटवायचं, जुना प्रोग्राम थांबव आणि नव्याने सुरू कर, असं ते होतं. लिहिलं, झाकण लावलं, उघडलं. पंखा गप्प. परत बघितलं. प्रोग्राम सुरू होत होता, पण फार लवकर. मशीन अजून डोळे चोळतंय आणि हा पंख्याला हाका मारतोय. मग तिने त्याला मधे जरा थांबायला सांगितलं. झाकण लावलं, उघडलं. एक श्वास गेला, आणि पंखा लागला.

रघुनाथने डोळे मिटले आणि उघडले. परत झाकण. परत उघड. स्वाती ते इतक्या वेळा करत राहिली की मी म्हटलं, बिजागरी मोडशील, ती मला बदलावी लागेल.

मी माझं काम केलं. एका मशीनच्या भरवशावर माणूस ठेवायचा नाही, हे मला सकाळीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी महाडच्या भंगारातून टेम्पोचा खराखुरा भोंगा आणला, मोटरसायकलची बॅटरी आणली, आणि अंगठ्याखालच्या बटणालाच दुसरी वायर जोडली, मधे एक रिले घालून, म्हणजे बटण जरा वेळ दाबून धरलं की भोंग्याचा जड करंट जोडणारी डबी, कारण त्याच्या अंगठ्याजोगं हलकं बटण तो करंट सोसत नाही. लॅपटॉप चालू असो, झोपलेला असो, जळून गेलेला असो, बटण दाबून धरलं की भोंगा वाजणार. भिंतीवर ठोकून म्हटलं, दाब. त्याने दाबला. शेजारची म्हातारी काठी घेऊन बाहेर आली, वाडीत टेम्पो कसा शिरला ते बघायला. रघुनाथने तो हवा त्याहून बराच जास्त वेळ धरून ठेवला. मंगल म्हणाली, "पुरे आता, घाट नाय लागला."

वाइंडिंगला आता कुणी येत नाही. नवे पंखे प्लास्टिकचे, जोड न ठेवता चिकटवलेले, बिघडले की फेकायचे. मला त्याचं वाईट वाटतं, पण कुणाला थांबवायला जात नाही. लॅपटॉपही तसेच यायला लागलेत, पातळ, उघडताना मोडणारे. दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा म्हटल्यावर मी विचार केला, एवढी वर्षं हजारो वस्तू उघडल्या, पण वस्तूंबद्दल काय लिहायचं. ज्याची वस्तू आहे तो ती कशी उघडतो आणि कधी मिटतो, तेच बहुतेक वेळा बिघाडाचं कारण असतं, आणि ते बदलायला सांगायचा हक्क आपल्याला दरवेळी असतोच असं नाही.

त्या लॅपटॉपचा बोर्ड नंतर गेला. दुसरा जुना मिळवून स्वातीने त्यात तेच सगळं घातलं, आणि उठताना थांबायचंही. रघुनाथचा अंगठा थांबला. बटण आता भुवईवर आहे. भोंगाही त्यावरच.

मागच्या आठवड्यात मी वर जाऊन आले, पंखा साफ करायला. लाइट नव्हती, झाकण लावलेलं होतं. मी ओट्यावर बसून राहिले.

रघुनाथ जिवंत आहे.